मीठ लागलेल्या बिया

टाचणीताईच्या तोंडात दिवसभर टाचण्या असत. त्यामुळे जे काही बोलायचं ते तिला ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून बोलावं लागे. लांबलचक वाक्य तिथून निघत नाही. म्हणून तिची सगळी वाक्यं आखूड, आणि आखूड म्हणून बोचरी.

"पोट आत घेऊ नका. पँट शिवून झाल्यावर ते बाहेर येणारच आहे."

गिऱ्हाईक ओशाळून हसायचं आणि पोट सोडायचं. टेप फिरायची, खडूची रेघ उमटायची, आणि टाचणीताई पुढचं वाक्य कोपऱ्यात तयार ठेवायची. गल्लीत तिचं खरं नाव कोणाच्या लक्षात नव्हतं. तिच्या स्वतःच्या असलं तर असलं.

तळमजल्यावरची एक खोली, रस्त्याकडच्या खिडकीशी मशीन, भिंतीवर खिळ्यांना लटकलेले अर्धवट शर्ट, त्यांना बाह्या नाहीत म्हणून आपले गप्प. मागच्या दाराबाहेर पाण्याची टाकी आणि कुंपणाची भिंत यांच्यामधे एक मातीची पट्टी. लांबीला बरी, रुंदीला चादरीएवढी. या पट्टीत टाचणीताईचा जीव होता, आणि त्या जिवाचं नाव भोपळा होतं.

हसू येतं ना? गल्लीलाही यायचं. पण ज्यानं त्या भोपळ्याला एकदा हात लावला होता, तो हसायचा नाही. राखाडी-निळ्या सालीचा, खोल पन्हाळी पडलेला, एका माणसाला जेमतेम उचलता येईल असा. कापला की आत केशरी, घट्ट, पाणी म्हणून नाही. असा भोपळा दुसऱ्या कोणाकडे नव्हता, कारण तो बाबांनी तयार केला होता. विकत आणून लावला नव्हता, तयार केला होता. दरवर्षी त्यातला चांगला निवडायचा, त्याचंच बी धरायचं, पुढच्या वर्षी पुन्हा त्यातला चांगला. असं करत करत बाबांचे केस गेले आणि भोपळा आला.

बाबा पाणीपुरवठ्यात होते. गावाच्या पाण्याच्या चाव्या फिरवायच्या, या भागाला सकाळी, त्या भागाला दुपारी. घरी आले की ते वेलीपाशी बसायचे आणि पोरीला हाक मारायचे, कारण त्यांची बोटं चाव्या फिरवून फिरवून जाड झाली होती आणि पोरीची बोटं बारीक होती.

"हा बघ, हा नर," बाबा म्हणायचे. "लांब दांडी, वर फूल, खाली काही नाही. नुसता रुबाब. आणि ही मादी. फुलाखाली आधीच एवढासा भोपळा घेऊन बसलीय. पण तो अजून खरा नाही हं. पराग मिळाला तर वाढेल, नाही तर पिवळा पडून गळेल."

"आणि मिळाला हे कसं कळतं?"

"आधी आपण द्यायचा. फूल एकच सकाळ उघडतं. ऊन वर चढलं की मिटलं, ते कायमचं. म्हणून आदल्या संध्याकाळी दोघांची तोंडं दोऱ्यानं बांधायची. माशी कुठून कुठून फिरून येते, तिच्या पायाला कोणाकोणाचा पराग असतो, तिचा काय भरवसा. सकाळी दोरा सोडायचा, नराच्या पाकळ्या काढून टाकायच्या, आणि मधला पिवळा दांडा मादीच्या त्या चिकट गोंड्यांवर फिरवायचा. हळू. पावडर लावल्यासारखा. मग पुन्हा बांधून टाकायचं."

"मग?"

"मग गंमत. परागाचा एकेक कण चिकटतो, आणि त्यातून एक नळी निघते. डोळ्याला दिसत नाही इतकी बारीक. ती उतरत उतरत भोपळ्याच्या पोटात जाते आणि एकेका बीजांडाला गाठते. एक कण, एक नळी, एक बी."

"मग भोपळा कोणासारखा होतो? नरासारखा की मादीसारखा?"

"आईसारखा," बाबा म्हणायचे. "भोपळा हे आईचंच अंग. बाप कोणीही असो, भोपळा आईवर जातो. बापाचं जे काय आहे ते आत, बियांत. ते कळायला पुढचं वर्ष उजाडावं लागतं."

हे सगळं चालू असताना टाचणीताईचा थोरला भाऊ, दादा, तिथेच होता. पण तो बाटल्यांची बुचं दगडानं चपटी करत होता. मोठेपणी दादानं नळ आणि पाइपांचं दुकान काढलं. गावात कुठलाही पाइप त्याच्या हाताखालून जायचा. ती एक नळी तेवढी त्याच्या कानाखालून गेली ती गेलीच.

बाबा गेले. घर दादाकडे, बाग दादाकडे, बियांची बरणी दादाकडे. टाचणीताईनं घर मागितलं नाही, बाग मागितली नाही. महिना उलटल्यावर ती दादाच्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि पहिल्यांदा टाचण्या काढून बोलली.

"दादा, मला मूठभर बी दे. बाबांच्या भोपळ्याचं."

दादाला प्रत्येक वाक्याआधी पायरी लागायची. "म्हणजे कसं आहे," तो म्हणाला, "बी म्हणजे घराण्याची वस्तू. आणि घराणं म्हणजे कसं आहे, इथे आहे."

"मी कुठल्या घराण्यातून आले?"

वहिनी कढईत झारा फिरवत होती. "मी मधे बोलत नाही," वहिनी म्हणाली, आणि बोलली, "पण वन्संचं अंगण केवढंसं. वेल बिचारी पाय कुठे पसरणार?"

"पायांचं मी बघते," टाचणीताई म्हणाली.

दादानं डोकं खाजवलं, आत गेला, बराच वेळ लावला, आणि कागदात बांधलेली पुडी आणून तिच्या हातावर ठेवली. "घे. म्हणजे कसं आहे, बहीण आहेस."

टाचणीताईला त्या दिवशी भाऊ भावासारखा वाटला होता. हे तिनं पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

तिनं पट्टी खणली. पालापाचोळा, राख, शेण, जे मिळेल ते घातलं. बिया टोचल्या, टोक खाली करून, बाबा टोचायचे तशा. रोज सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी ती वाकून बघायची. माती तशीच. दुसरी खेप टोचली. माती तशीच. गल्लीतली पोरं कुंपणावरून डोकवायची आणि म्हणायची, "ताई, मातीला उठवू का?"

तोवर दादानं दुकानात बसून गावाला सांगितलं होतं, "म्हणजे कसं आहे, बी सोन्यासारखं दिलं. पण तिच्या हाताला गुण नाही. हाताला गुण लागतो. बाबांच्या होता, माझ्या आहे." नळ घ्यायला आलेला माणूस नळ आणि ही बातमी दोन्ही घेऊन जायचा. आठवडाभरात टाचणीताईकडे बाही लावायला आलेली एक बाई म्हणाली, "हाताला गुण नसतो काहींच्या, त्याला काय करणार. माझ्या जावेचंही तसंच." आणि आपली बाही संशयानं बघू लागली.

त्या दुपारी टाचणीताईनं पुडीत उरलेल्या बियांतली एक घेतली, पाण्यात भिजवली, आणि शिवण उसवायच्या सुरीनं कडेनं उलगडली. तिला आतलं सगळं माहीत होतं. बाहेरचं टरफल, आत हिरवट पातळ साल, तिच्या आत दोन पांढरी दलं एकमेकांना चिकटून, आणि टोकाला, जिथे दोन्ही दलं मिळतात, तिथे बारीकसा कोंब, सुईच्या अणीएवढा. सगळी वेल त्या अणीत घडी घालून ठेवलेली असते.

दलं पांढरी नव्हती. तांबूस होती. वाकवली तर कटकन मोडली. टाचणीताईनं एक तुकडा जिभेवर ठेवला.

खारट.

तिनं दुसरी उलगडली. खारट. तिसरी. टरफल धुतलेलं होतं, नीट धुतलेलं, पण मीठ कडेच्या फटीत शिरून बसलेलं. आणि टाचणीताईला बिस्किटांचा तो जुना डबा दिसला. दरवर्षी नवं बी बरणीत आलं की जुनं उरलेलं बी आई तव्यावर भाजायची, मीठ लावायची, आणि त्या डब्यात भरायची. आईनंतर वहिनीनं ते चालू ठेवलं होतं. दादाला ते येता-जाता तोंडात टाकायला लागायचं. दादानं तिला त्या डब्यातली मूठ धुऊन दिली होती. आत बराच वेळ लावला होता ना, तो धुण्यात गेला होता.

दुसरी कोणी असती तर चप्पल घालून निघाली असती. टाचणीताईनं टाचण्या पुन्हा तोंडात घेतल्या, मशीनवर बसली आणि एका शाळेच्या गणवेशाची अख्खी शिलाई घातली. सरळ, एकही टाका वाकडा नाही. त्या शिलाईत काय काय शिवलं गेलं ते त्या गणवेशातल्या पोराला कधी कळलं नाही.

तिला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, दादाच्या हाताला जो गुण आहे तो सगळ्या गावानं बघावा. दोन, बाबांचा भोपळा परत. आणि दोन्ही एकाच वेलीवर. इथेच अडचण होती, कारण एक बिघडवायचं आणि दुसरं वाचवायचं.

तिनं भाजीवालीकडून टोपीवाल्या भोपळ्याचं बी आणलं. टोपीवाला म्हणजे बुटका, खालून केशरी, आणि डोक्यावर पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची एक फुगलेली टोपी, जणू भोपळ्यातून दुसरा भोपळा बाहेर पडता पडता अडकला आणि दोघांनाही त्याची लाज वाटतेय. "मोठ्या भोपळ्याच्याच भाऊबंदांतला आहे," भाजीवाली म्हणाली, "पण वेडा. शोभेला लावतात." टाचणीताईनं तो लावला. भसाभसा उगवला. पोरं कुंपणावरून ओरडली, "ताई, माती उठली." दादा येऊन बघून गेला आणि पोट धरून हसला. "म्हणजे कसं आहे, हे तुला जमलं. टोपी शिवायची सवय."

"हं," टाचणीताई म्हणाली.

आता दादाची खरी गोम सांगायची तर ती अशी, की फुलांचं काम त्याला येत नव्हतं. त्याची बोटंही बाबांसारखी जाड, पण बाबांसारखी हळू नाहीत. पहिल्या वर्षी त्यानं स्वतः करून बघितलं होतं आणि मादीचं फूल बुडातून उपटून हातात आलं होतं. म्हणून वेलीला फुलं लागली की तो बहिणीला निरोप धाडायचा. जिच्या हाताला गुण नाही म्हणून गावभर सांगत होता, तिलाच.

"ये गं टाचणे," निरोप आला, "तुझं ते दोऱ्याचं काम कर."

ती संध्याकाळी गेली. उद्या उघडणाऱ्या कळ्या टोकाला पिवळसर पडतात, त्या हेरल्या आणि दोऱ्यानं बांधल्या. मग घरी येऊन आपल्या टोपीवाल्याच्या नरकळ्या बांधल्या. सकाळी उजेड फुटला तशी तिनं त्या खुडल्या, पाकळ्या काढल्या, आणि नुसते पिवळे दांडे सुयांच्या डब्यात कापसावर निजवले. पाकळ्या गेल्या की कुठला दांडा कुठल्या वेलीचा हे वेलीलासुद्धा सांगता येत नाही.

दादा चहाचा मग घेऊन बागेत उभा होता. मालक कामावर असतो तसा. वहिनी दारात.

टाचणीताई वेलीवर वाकली, दादाच्या नराचं एक फूल तोडलं, त्याच्यासमोर पाकळ्या काढल्या, हात एप्रनच्या खिशातल्या डब्यात गेला, बाहेर आला. बाहेर आलेला दांडा टोपीवाल्याचा. मादीचा दोरा सोडला, गोंड्यांवर फिरवला. हळू. पावडर लावल्यासारखा.

"एवढी वाकून काय करतेस?" दादा म्हणाला.

"टाका दिसायला हवा."

"म्हणजे कसं आहे," दादानं घोट घेतला, "नुसतं घासायचं तर आहे."

"हो. नुसतं घासायचं."

"मी मधे बोलत नाही," वहिनी दारातून म्हणाली, "पण वन्संना एवढं करता येतं, तर यांचं स्वतःचं बी का उगवलं नाही, याचं मला आपलं नवल वाटतं." आणि तिनं पदर सारखा केला. वहिनीला माहीत होतं. डबा तिचा होता.

टाचणीताईनं त्या फुलावर एक दांडा जास्तच फिरवला.

एकामागून एक मादीफुलं झाली. दरवर्षी ठेवत तेवढेच भोपळे ठेवायचे, बाकीच्या मादीकळ्या खुडून टाकायच्या, हा बाबांचा नियम. सगळी झाल्यावर वेलीच्या अगदी टोकाला, खताच्या खड्ड्यापाशी, एक मादीफूल राहिलं होतं. वेल तिथे दगडावरून वळली होती आणि फुलाखालचा इवलासा भोपळा आत्ताच एका अंगाला कलला होता. मोठा झाल्यावर हा वाकडाच होणार. इथे टाचणीताईनं खिशात हात घातला नाही. दादाच्याच वेलीचा नर, बाबांच्या वेलीचा नर, समोर तोडला, समोर फिरवला. आणि दोरा बांधताना दोन गाठी मारल्या.

"तो कशाला?" दादा ओरडला. "खताशेजारचा? वाकडा आहे तो."

"राहू दे. जीव आहे."

तिचा सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा होता. दादा दरवर्षी तिला फुलांच्या कामाबद्दल एक भोपळा द्यायचा, आणि तो सगळ्यात भिकार असायचा, आजवर तर कोवळाच गळलेला, आत पेरण्याजोगं बी नसलेला. दादा कंजूष आहे यावर तिनं बाबांचा भोपळा लावला होता. एवढा विश्वास तिनं आयुष्यात दुसऱ्या कोणावर टाकला नव्हता.

भोपळे वाढले. आईवर गेले. राखाडी, निळे, पन्हाळीचे, एकाहून एक. टोपीचा मागमूस नाही. दादा रोज त्यांना थोपटायचा. वेल सुकली, देठ वाळले, आणि सगळ्यात मोठा भोपळा ढकलगाडीवर बसून बागायती प्रदर्शनाला गेला.

प्रदर्शनाचे जे साहेब होते त्यांच्या तोंडी 'सदर' असायचं. सदर भोपळ्याचं वजन, सदर भोपळ्याचा रंग. "सदर भोपळ्याचं श्रेय कोणाचं?" त्यांनी भोंग्यातून विचारलं.

"माझ्या हातांचं," दादा म्हणाला, आणि दोन्ही हात वर केले. टाळ्या पडल्या. टाचणीताई मागच्या रांगेत होती. तिनंही वाजवल्या.

पहिला नंबर आला. साहेबांनी सदर भोपळ्याचं बी मागितलं, दादानं चारचौघांत कबूल केलं. घरी येऊन त्यानं तो भोपळा कापला, बी धुऊन वाळवलं, बरणीत भरलं, आणि बरणीतलं जुनं सगळं वहिनीला दिलं. "भाज," तो म्हणाला. "आता हे पहिल्या नंबरचं बी. जुनं कशाला ठेवायचं." वहिनीनं भाजलं. मीठ लावलं. दोघांनी ओट्यापाशी उभ्यानंच बाबांचं सगळं उरलंसुरलं बी फस्त केलं.

मग टाचणीताईला बोलावणं आलं.

ओसरीवर उरलेले भोपळे मांडले होते, मोठ्यापासून लहानापर्यंत, शाळेच्या रांगेसारखे. शेवटी तो वाकडा, एका अंगावर कलंडलेला, वर्गात उशिरा आल्यासारखा. दादा आज निराळाच दिसत होता. नंबराचा बिल्ला अजून खिशाला लावलेला. डोळ्यांत काहीतरी ओलसर.

"टाचणे," तो म्हणाला. पायरीशिवाय बोलला. "बाबा असते तर आज खूष झाले असते. तू दरवर्षी राबतेस, मी तुला काय देतो? घे. हा मोठा घे."

आणि त्यानं सगळ्यात मोठा, राजासारखा भोपळा तिच्या पायाशी सरकवला.

टाचणीताईच्या तोंडातल्या टाचण्या थांबल्या. आयुष्यात पहिल्यांदा दादा चांगला वागला होता, आणि तो नेमका आज. मोठा घेतला तर आत टोपीवाल्याचं बी, नि वाकडा यांच्या कढईत. बाबा संपले. वाकडा मागितला तर? दादाला एवढं कळायचं की शहाणी बाई वाईट वस्तू मागते तेव्हा ती वाईट नसते. तो वाकडा ठेवून घेईल आणि कुलपात घालेल.

आणि खरं सांगायचं तर एक क्षण तिला त्याचे ते ओलसर डोळे दिसले. लहानपणी बुचं चपटी करताना बोट ठेचलं तेव्हा असेच दिसले होते. तेवढ्यात तिला जिभेवर मीठ लागलं. कुठून आलं कोण जाणे.

"मोठा?" ती म्हणाली. "दे की. वहिनींच्या ताईला मग काय देणार?"

दारातलं कापड हललं. "मी मधे बोलत नाही," वहिनी म्हणाली, "पण आमच्या ताईला मोठा कबूल केलाय. मी तिला तसं सांगूनही बसलेय."

"मग हा दुसरा," दादा म्हणाला.

"दुसराच बरा," टाचणीताई म्हणाली. "साहेब काही एवढं बघणार नाहीत. बी तेवढं दिलं की झालं. भोपळ्याची त्यांना काय अपेक्षा असणार."

दादानं डोकं खाजवलं. साहेबांना अपेक्षा असेल हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. दुसरा मागे सरकला. "मग... तिसरा."

"मी मधे बोलत नाही, पण दुकानातल्या माणसांना दरवर्षी आपण कापून वाटतो. वन्सं एकट्या. एकटीला केवढा लागतो?"

"तसं नको बोलू," दादा म्हणाला, पण त्याचा हात रांगेवरून पुढे पुढे सरकत होता, आणि डोळे कोरडे होत होते. पायरी परत आली. "म्हणजे कसं आहे टाचणे, मोठा तू नेणार तरी कसा? तुझं स्वयंपाकघर केवढं. हा बघ. दिसायला वाकडा आहे, पण चवीला एकच."

"हा?" टाचणीताईनं चेहरा लांब केला. खरोखर लांब केला. "खताशेजारचा?"

"आता एवढं तोंड नको पाडूस."

"बरं," ती म्हणाली. "द्याल तो." आणि वाकडा काखेत मारून निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत तिनं चाल बदलली नाही. वळल्यावर मात्र एवढ्या भरभर चालली की समोरून येणाऱ्या दूधवाल्यानं विचारलं, कोणी मागे लागलंय का.

पुढच्या हंगामात तिनं टोपीवाल्याचं एक रोपही ठेवलं नाही. पट्टीत फक्त वाकड्याचं बी. सगळं उगवलं. कोंब मातीतून मान वाकवून वर आले, टरफलाची टोपी फेकून दिली, दोन जाड दलं उघडली. कुंपणावरच्या पोरांनी ओरडायला तोंड उघडलं, तिनं बघितलं, त्यांनी मिटलं.

दादाच्या बागेत या वेळी तिला बोलावणं आलंच नाही. नंबरामुळे वेलीचं तंत्र आपल्याला उमगलंय असं दादाला वाटत होतं. फुलं त्यानं माशीवर सोडून दिली. सोडली नसती तरी काय होणार होतं. जे व्हायचं ते बरणीत भरून झालं होतं.

मग भोपळे धरले. आधी दादा म्हणाला, लहान आहेत, वाढतील. मग म्हणाला, टोकाला गाठ आलीय, पाणी जास्त झालं. मग गाठ फुगली. मग गाठीवर पांढरे-हिरवे पट्टे आले. एका सकाळी दादा मग घेऊन बागेत गेला आणि वेलीवरून त्याच्याकडे ओळीनं टोपीवाले बघत होते. प्रत्येकाच्या डोक्यावर टोपी, प्रत्येकाची थोडी तिरकी. मोठ्यातला मोठा वहिनीच्या पातेल्यात मावला असता.

साहेब स्वतः दुकानात आले, हातात पिशवी. पिशवीतून एक टोपीवाला काढून त्यांनी पाइपांच्या मधोमध ठेवला. "सदर बियाण्यातून," ते म्हणाले, "सदर टोप्या."

दुकानात नळ घ्यायला आलेली माणसं होती. त्यांनी नळ घेतले आणि बातमीही. "हाताला गुण आहे खरा," कोणीतरी म्हणालं. संध्याकाळपर्यंत हे वाक्य टाचणीताईच्या खिडकीवरून तीनदा गेलं. तिनं मशीन थांबवून ते तिन्ही वेळा ऐकलं.

दादा तिच्याकडे आला तेव्हा मागचं दार उघडं होतं. भिंतीपासून टाकीपर्यंत राखाडी-निळे भोपळे बसले होते. तो दारातच थबकला.

"हे कुठून आलं?"

"तू दिलास ना. वाकडा."

"एकाच वेलीवरचे होते," दादा म्हणाला. "माझे असे का झाले? तुझे असे का?"

"हाताला गुण," टाचणीताई म्हणाली.

तो स्टुलावर बसला. "टाचणे, मला बी दे. मूठभर. म्हणजे कसं आहे, बाबांचं आहे."

टाचणीताई उठली. फळीवरून बशी काढली. वाळवलेल्या, भरलेल्या, खणखणीत बिया. मूठ भरली, कागदात बांधली, आणि त्याच्या हातावर ठेवली. एवढ्या चटकन दिली की तो बघतच राहिला.

त्यानं पुडी उघडली. एक बी चिमटीत धरली. उजेडात फिरवली. वास घेतला.

"चांगल्या आहेत ना?" तो म्हणाला.

"आहेत."

"म्हणजे... भाजलेल्या वगैरे नाहीत ना?"

टाचणीताईनं सुई खाली ठेवली. "बियाणं कोण भाजून देतं, दादा?"

दादाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पण हात थांबला नाही. त्याच्या खिशात कायम पक्कड असायची. ती निघाली. बी पकडीच्या दातांत धरली, दाबली. टरफल फुटलं, दलं दोन बाजूंना सुटली, अणीएवढा कोंब मोडून मांडीवर पडला. आतलं पांढरंशुभ्र.

"ही चांगली आहे," तो म्हणाला.

"मी सांगितलं."

"वरची चांगली ठेवली असशील." दुसरी दाबली. पांढरी. "आता मधली बघतो." पांढरी. "तळाची."

"बघ," टाचणीताई म्हणाली. "खात्री करून घे. आपलंच माणूस, पण खात्री असावी."

तिनं सुई उचलली आणि बाही लावायला घेतली. मागे पक्कड वाजत राहिली. कट. कट. प्रत्येक बी जिवंत निघत होती, आणि निघाली की जिवंत राहत नव्हती, आणि पुढची तेवढी भाजलेली असणार असं त्याला वाटत होतं. ज्यानं एकदा भाजून दिलंय त्याला कच्चं बी दिसत नाही. टाचणीताईनं मूठ भरतानाच हे धरलं होतं. म्हणून तर मूठ चांगली भरली होती.

आवाज थांबला. कागद रिकामा होता. मांडीवर फुटक्या दलांचा ढीग. दादानं शेवटची मोडलेली बी उचलून तिचे दोन तुकडे पुन्हा जुळवून बघितले.

"सगळ्या चांगल्या होत्या," तो म्हणाला.

"हो."

"आणखी देशील?"

"मूठभर मागितलंस. मूठभर दिलं. बहीण आहे."

तिनं बाहीचा दोरा दातानं तोडला. मग उठून त्याच्या मांडीवरचा ढीग हातानं एका रिकाम्या बशीत ओढला, टरफलं फुंकून उडवली, ओट्यावरची बरणी उघडली, आणि वरून चिमूटभर मीठ भुरभुरलं. बशी त्याच्यापुढे सरकवली.

"घे," टाचणीताई म्हणाली. "तुला आवडतात."

दादानं मिठाकडे बघितलं. मग तिच्याकडे. तिच्या तोंडात एकही टाचणी नव्हती.